पूडलचा रंग आणि स्वभावाचा जुना वाद

1621 साली गर्व्हेज मार्कम या इंग्रज लेखकाने पाणपक्ष्यांच्या शिकारीवर एक पुस्तक छापले. टिपलेले बदक तळ्यात उतरून काठावर आणणाऱ्या कुरळ्या केसांच्या पाणकुत्र्याविषयी त्यात सविस्तर लिहिले आहे. हा पाणकुत्रा आजच्या पूडलचा पूर्वज, निदान अगदी जवळचा भाऊबंद. त्याच्या रंगाबद्दल शिकाऱ्यांत काय समजुती होत्या, हे मार्कमने नोंदवून ठेवले: काळा कुत्रा सर्वांत चिवट, तपकिरी पोहण्यात सर्वांत वेगवान आणि कबरा वास काढण्यात सर्वांत तरबेज. नोंदवून झाल्यावर त्याने ही समजूत खोडूनही काढली. कोणत्याही रंगाचा कुत्रा उत्तम निघू शकतो आणि कोणत्याही रंगाचा कुचकामी ठरू शकतो, फरक पडतो तो पहिल्या वळणाने आणि शिकवणीने, असे त्याचे म्हणणे. म्हणजे रंगावरून गुण ओळखण्याची समजूत आणि तिचे खंडन ही दोन्ही किमान चारशे वर्षांची आहेत. खंडन इतके जुने असून समजूत अजून धडधाकट आहे. ती कशाच्या जोरावर टिकली, हे पूडलच्या इतिहासात शोधण्यासारखे आहे.

आज पूडलचे पिल्लू घ्यायला निघालेल्या माणसाला जवळजवळ तेच ऐकायला मिळते, फक्त गुणांची यादी बदललेली असते. शिकारीचे काम गेले, त्यामुळे चिवटपणा आणि नाकाचा तीक्ष्णपणा यांच्या जागी घरगुती गुण आले. काळा शहाणा आणि शांत, पांढरा हळवा, तपकिरी खोडकर आणि थोडा हट्टी, तांबडा अंगात वारे शिरल्यासारखा. पैदासकार हे सांगतात, मालक एकमेकांना सांगतात आणि आपल्या कुत्र्यात त्याची साक्षही पटवून घेतात. या लेखातला मुद्दा असा की रंगावरून स्वभाव कळत नाही, तरीही रंग अगदी मुका नाही. माणसांनी केलेल्या निवडीचा इतिहास त्याच्यात असतो: कोणत्या काळात कोणता रंग मागणीत होता, तो मिळवण्यासाठी कोणत्या कुत्र्यांचा संबंध कोणाशी लावला गेला, आणि त्या घाईत काय गमावले. पिल्लू निवडणाऱ्याने रंगाला जे विचारायचे ते या इतिहासाबद्दल विचारावे. स्वभावाचे उत्तर त्याला दुसरीकडे शोधावे लागते.

सुरुवात पाहणाऱ्याच्या नजरेपासून करू. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजा पहिला चार्ल्स याचा भाचा प्रिन्स रूपर्ट याच्याकडे 'बॉय' नावाचा पांढरा कुत्रा होता. तो शिकारी पूडल होता असे सामान्यतः मानले जाते. रूपर्टबरोबर तो मोहिमांवर जाई. 1643 च्या सुमारास लंडनमध्ये त्याच्यावर छापील चोपड्या निघू लागल्या. हा कुत्रा मुळात लॅपलँडची चेटकीण आहे, त्याला गोळी लागत नाही, उलट तो गोळ्या दातांत पकडतो, असे त्यांत रंगवलेले असे. यातले काही लेखन पार्लमेंटच्या बाजूच्या भोळसटपणाची टर उडवण्यासाठी राजाच्या बाजूनेच केले होते, पण चेटकाची कथा त्यामुळे पसरली ती पसरलीच. 2 जुलै 1644 रोजी मार्स्टन मूरच्या लढाईत बॉय मारला गेला, तेव्हा शत्रुपक्षाने ती बातमीही साजरी केली. या प्रकरणानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, 1808 मध्ये, ग्योथेच्या 'फाउस्ट'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यात फाउस्टच्या मागे मागे त्याच्या अभ्यासिकेत शिरणारा आणि पुढे मेफिस्टोफेलिस म्हणून प्रकट होणारा पूडल काळा आहे. एका देशात सैतान पांढऱ्या पूडलमध्ये दिसला, दुसऱ्या देशात काळ्या. काळ्या रंगातच काही अशुभ असते, तर बॉयवर आळ यायला नको होता, आणि पांढऱ्याला मुळात निरागस मानायचे तर चोपड्या लिहिणाऱ्यांची लेखणी अडखळायला हवी होती. प्रत्यक्षात ज्याला जी भीती हवी होती ती त्याने समोरच्या कुत्र्याच्या अंगावर चढवली.

त्याच जर्मन भाषेच्या मुलखात उलट उदाहरणही सापडते. तत्त्वज्ञ आर्थर शोपेनहाउअर याने विद्यार्थिदशेपासून 1860 मध्ये मरेपर्यंत एकामागून एक पूडल पाळले. उपनिषदांच्या लॅटिन अनुवादाने भारावलेल्या या माणसाने त्या सगळ्यांना एकच नाव दिले, 'आत्मा'. फ्रँकफुर्टमधल्या त्याच्या उतारवयात पांढऱ्या पूडलनंतर तपकिरी पूडल आला, तरी नाव तेच राहिले. हा एका विक्षिप्त विद्वानाचा हट्ट म्हणून सोडून देता येईल. पण कुत्र्याचा रंग बदलताना तोच प्राणी डोळ्यांसमोर ठेवण्याचा प्रयोग पुढे शास्त्रानेही केला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना कुत्र्याचे छायाचित्र दाखवून त्याच्या स्वभावाविषयी मत विचारले. छायाचित्र एकाच कुत्र्याचे होते, फक्त संगणकावर त्याचे केस काहींसाठी काळे आणि काहींसाठी पिवळे केले होते. पिवळा कुत्रा लोकांना अधिक मनमिळाऊ आणि अधिक स्थिर वाटला. त्या कुत्र्याने दोन्ही वेळा काहीच केले नव्हते. स्वभावाच्या गप्पांत पाहणाऱ्याचा वाटा किती असतो, याचा अंदाज येण्यासाठी एवढे पुरे.

आता खुद्द कुत्र्याकडे वळू. पूडल हा मूळचा कामाचा प्राणी. जर्मन मुलखात आणि फ्रान्समध्ये तो पाण्यातून पक्षी आणी. अंगाचे केस भादरून छातीवर आणि सांध्यांवर तेवढे ठेवण्याची पद्धत पोहताना भार कमी व्हावा आणि नाजूक भागांना ऊब राहावी म्हणून पडली, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. पुढे तो सर्कशीत आणि रस्त्यावरच्या खेळांत गेला, कारण तो चटकन शिके. 1880 च्या दशकात सर जॉन लबॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या व्हॅन नावाच्या काळ्या पूडलला शब्द छापलेली पुठ्ठ्याची कार्डे उचलून खाणे किंवा बाहेर जाणे मागायला शिकवले आणि 1888 च्या पुस्तकात त्याची हकीकत दिली. या साऱ्या काळात पूडल एकरंगी असलाच पाहिजे असा नियम नव्हता. जुन्या चित्रांत काळे-पांढरे, तपकिरी-पांढरे कबरे पूडल सहज आढळतात. शिकाऱ्याला कुत्रा पाण्यात उतरतो का आणि पक्षी दातांनी चिरडत नाही ना, हे पाहायचे होते. खेळवाल्याला तो किती लवकर शिकतो याच्याशी मतलब होता. रंगाबद्दल मते असत, पण पैदास रंगाच्या हुकमावर चालत नसे.

हे चित्र बदलले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. वंशावळीच्या वह्या उघडल्या, प्रदर्शने भरू लागली आणि जातीचा आदर्श कागदावर उतरवण्याची पद्धत रूढ झाली. कागदावर उतरवता येतील अशा गोष्टी म्हणजे उंची, डोक्याची ठेवण, शेपटीचा कल आणि रंग. स्वभाव दोन ओळींत आटोपतो आणि परीक्षकाला काही मिनिटांत तपासता येत नाही. त्यामुळे रिंगणात दिसणाऱ्या गुणांची किंमत वाढत गेली. कबरा पूडल याच काळात हळूहळू बाहेर पडला. आजही आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकात पूडल एकरंगीच असावा लागतो: काळा, पांढरा, तपकिरी, करडा, जर्दाळू किंवा तांबडा. एकसारख्या रंगाचे कुत्रे मिळवण्यासाठी पैदासकारांनी फार मेहनत घेतली, हे ते मानकच जातीचा इतिहास सांगताना नमूद करते. अमेरिकन केनेल क्लबच्या प्रदर्शनातही कबरा पूडल बाद होतो. 1935 साली न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात नन्सो ड्यूक द ला तेरास हा पांढरा स्टँडर्ड, म्हणजे सर्वांत मोठ्या आकाराचा, पूडल सर्वश्रेष्ठ ठरला. पूडलला तो मान प्रथमच मिळत होता. त्यानंतर अमेरिकेत या जातीची लाट आली, आणि 1960 पासून 1982 पर्यंत नोंदणीत पूडलच पहिल्या क्रमांकावर राहिला.

रंग हा नियमाचा भाग झाला की घराणी रंगाप्रमाणे वेगळी होऊ लागतात. हा या सगळ्या कथेतला कळीचा टप्पा आहे. एखाद्या पैदासकाराकडे नामांकित काळी कुत्री असेल तर तो तिला काळा कुत्रा दाखवतो, पांढऱ्यात नाव कमावलेला पांढऱ्यात राहतो, कारण रंगांची सरमिसळ झाली की पुढच्या वेतांत छातीवर पांढरे डाग, नाकाचा फिकटपणा असे दोष डोकावण्याची धास्ती असते. सर्वांत लहान आकाराचे टॉय पूडल दीर्घ काळ मुख्यतः पांढरेच असत, आणि त्यांच्यात इतर रंग आणण्यासाठी त्यांच्याहून मोठ्या मिनिएचर पूडलशी संबंध लावावे लागले. तांबडा रंग तर फार उशिरा, मोजक्या कुत्र्यांच्या जोरावर रुळला. अशा परिस्थितीत अमुक रंगाचे कुत्रे अमुक स्वभावाचे असतात हे निरीक्षण एखाद्या गावी, एखाद्या दशकात खरेही ठरू शकते. पण ते खरे ठरते ते त्या रंगाच्या आड उभ्या असलेल्या दोन-चार घराण्यांमुळे. घराणे बदलले की निरीक्षण ढासळते, आणि तरीही म्हण मात्र मागे उरते.

जनुकशास्त्राने ही गोष्ट आणखी स्पष्ट केली आहे. कुत्र्याच्या रंगांचे अनुवंशिक गणित क्लॅरेन्स लिटल याने 1957 च्या आपल्या पुस्तकात मांडले, आणि त्यातले बरेचसे गेल्या पंचवीस वर्षांत प्रत्यक्ष जनुकांपर्यंत जाऊन पडताळले गेले. पूडलचा काळा रंग ज्या जनुकामुळे पक्का होतो ते 2007 मध्ये ओळखले गेले. त्या काळ्यावर दुसऱ्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या की काळे रंगद्रव्य तपकिरी होते, आणि नाक, पापण्यांच्या कडा व डोळेही उजळतात. तपकिरी पूडलचे डोळे पिवळसर दिसतात ते यामुळे. त्याच्या चेहऱ्यावर जो खट्याळ भाव लोकांना दिसतो त्यात या डोळ्यांचा वाटा असणे अगदी संभवनीय आहे. सर्वांत बोलके उदाहरण पांढऱ्या आणि तांबड्याचे. तिसऱ्या एका जनुकातील बदलामुळे अंगावरच्या केसांत काळे रंगद्रव्य तयारच होत नाही, फक्त पिवळे-तांबडे होते. ते गडद राहिले तर कुत्रा तांबडा, मध्यम झाले तर जर्दाळू, अगदी फिके पडले तर मलईसारखा किंवा पांढरा. म्हणजे हळवा म्हणून वाखाणला जाणारा पांढरा पूडल आणि उधळ्या म्हणून ओळखला जाणारा तांबडा पूडल बहुधा याच एका बदलाचे वारस असतात, दोघांत फरक असतो तो रंगाच्या गडदपणाचा.

शिवाय पूडलचा रंग वयाबरोबर सरकतो. रुपेरी पूडल जन्मतः काळा असतो. काही आठवड्यांनी तोंड भादरले की मुळाशी करडी छटा दिसते आणि पुरता रंग उतरायला दोनेक वर्षे लागतात. तपकिरी कुत्रा दुधाळ कॉफीच्या रंगावर येऊ शकतो, तांबडा जर्दाळूवर आणि जर्दाळू मलईवर. स्वभाव रंगाशी जोडलेला असता तर वर्षा-दोन वर्षांत या कुत्र्यांची वागणूकही पालटत जायला हवी होती. तसा दावा कोणी करत नाही. आठ आठवड्यांच्या पिल्लाचा रंग हा त्याच्या पुढच्या रंगाचाच नीट भरवसा देत नाही, मग पुढच्या वागण्याचा भरवसा त्याच्याकडून काय घ्यायचा?

याला वजनदार हरकती आहेत, आणि त्या टाळून चालणार नाही. पहिली हरकत पाहणीच्या आकड्यांची. इंग्लिश कॉकर स्पॅनियलवर 1996 मध्ये ब्रिटनमध्ये मालकांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे झालेल्या अभ्यासात एकरंगी कुत्रे कबऱ्यांपेक्षा अधिक आक्रमक आढळले, आणि एकरंग्यांत तांबडे-सोनेरी काळ्यांपेक्षा अधिक. 2014 मध्ये लॅब्राडोरवरच्या एका अभ्यासातही चॉकलेटी रंगाचे कुत्रे काही बाबतींत काळ्यांहून वेगळे वागताना दिसले. या नोंदी खोट्या ठरवण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्या अर्थाचा आहे. कॉकरमध्ये एकरंगी आणि कबरे यांची पैदास पिढ्यान्पिढ्या वेगळी ठेवली गेली आहे, म्हणजे रंगाची तुलना करताना प्रत्यक्षात दोन घराण्यांची तुलना होते. शिवाय काळा रंग मिळवणे सोपे आणि सोनेरी मिळवणे अवघड असेल, तर सोनेरी कुत्र्यांच्या मागे कमी पूर्वज असतात, आणि त्यांतल्या एखाद्या तापट कुत्र्याची छाप साऱ्या रंगावर पडते. हाच रंग दुसऱ्या जातीत तापटपणा आणत नाही. गोल्डन रिट्रीव्हर सगळेच सोनेरी असतात आणि त्यांची ख्याती सौम्यपणासाठी आहे. पुरावा घराण्याचा आहे, त्याच्यावर शिक्का रंगाचा बसला आहे.

दुसरी हरकत अधिक खोल आहे. 1959 मध्ये दिमित्री बेल्यायेव याने सोव्हिएत रशियात रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. माणसाला न बिचकणारे कोल्हे तेवढे निवडून त्यांची पैदास केली, आणि थोड्याच पिढ्यांत माणसाळलेल्या कोल्ह्यांबरोबर पांढरे ठिपके असलेले कोल्हेही जन्मू लागले. मग रंग आणि स्वभाव यांचा दुवा सिद्ध झाला नाही का? रंगपेशी आणि शरीरातील ताणाच्या ग्रंथींचा काही भाग गर्भातल्या एकाच पेशीसमूहातून निघतात, हे खरे आहे, आणि त्यावर 2014 मध्ये एक गृहीतकही मांडले गेले. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. बेल्यायेवच्या कोल्ह्यांचे मूळ कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील, फरसाठी कोल्हे पाळणाऱ्या केंद्रांत होते आणि ठिपकेदार रंग तिथे प्रयोगाआधीच दिसत होते, ही बाब 2019 मध्ये नव्याने पुढे आली. दुसरे असे की तो प्रयोग स्वभाव निवडून रंग बदलतो का, हे सांगतो. रंग निवडला तर स्वभाव मिळेल, असा उलटा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पूडलचा तांबडेपणा किंवा काळेपणा तर ठिपक्यांच्या त्या यंत्रणेतलाही नाही. काही रंगांची शरीराशी गाठ खरोखर असते, हेही मान्य केले पाहिजे. मर्ल म्हणून ओळखला जाणारा शबल रंग दोन्ही पालकांकडून आला तर पिल्लू बहिरे किंवा अंध जन्मण्याचा धोका असतो, म्हणूनच पूडलमध्ये तो रंग आणण्याला जाणकार विरोध करतात. पण हा इंद्रियांचा दोष झाला. त्यावरून काळा शहाणा आणि तांबडा उधळ्या ठरत नाही.

तिसरी हरकत अनुभवाची. जनावर पारखणारी माणसे सगळीकडे रंग पाहत आली आहेत, ती सगळी चुकली का? आपल्याकडेही घोड्याचे भोवरे पाहिले जात, पंचकल्याणी घोडा शुभ मानला जाई. लातूरकडच्या देवणी गोवंशाचे वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे प्रकार रंगाच्या ठेवणीवरूनच ओळखले जातात. मात्र बाजारात बैल घेणारा शेतकरी रंगावर थांबत नाही. तो दात मोजतो, खूर पाहतो, चालवून बघतो, जमल्यास जुंपून बघतो. रंगाने त्याला प्रकार कळतो, कामाची परीक्षा तो वेगळी घेतो. अनुभवी पैदासकाराचे ज्ञानही असेच तपासून घ्यावे. माझे तपकिरी कुत्रे हट्टी निघतात असे तो म्हणतो तेव्हा ते त्याच्या घरच्या तपकिरी कुत्र्यांबद्दल बहुधा खरे असते, आणि त्याच्याकडून पिल्लू घेणाऱ्याने ते ऐकावेही. जगातल्या साऱ्या तपकिरी पूडलबद्दल तो नियम लावू लागला की त्याच्या अनुभवाची हद्द संपते.

आता या समजुतीची किंमत. ती निरुपद्रवी करमणूक असती तर इतका ऊहापोह करायचे कारण नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्टँडर्ड पूडलची पैदास प्रदर्शने जिंकणाऱ्या थोड्या कुत्र्यांभोवती एकवटली. कॅनडातील वाइक्लिफ या केनेलचे काळे कुत्रे त्यांत अग्रभागी होते आणि त्यांचे रक्त आज बहुतेक स्टँडर्ड पूडलच्या वंशावळीत मोठ्या प्रमाणात सापडते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील संशोधकांच्या अभ्यासाने या अरुंद झालेल्या वाटेचा संबंध दोन आजारांशी तपासला: त्वचेतील तेलग्रंथी नष्ट करणारा एक विकार आणि अधिवृक्क ग्रंथी निकामी करणारा अ‍ॅडिसनचा आजार. त्या कुत्र्यांच्या काळेपणाने आजार आणला नाही. दिसण्यातल्या यशामागे सगळे एकाच दिशेला धावले, त्याची ही किंमत. लॅब्राडोरमधला दाखला रंगाच्या बाबतीत आणखी थेट आहे. ब्रिटनमधल्या 33,000 हून अधिक लॅब्राडोरच्या नोंदींवर आधारलेल्या 2018 च्या अभ्यासात चॉकलेटी कुत्र्यांचे मध्यम आयुर्मान 10.7 वर्षे निघाले, तर इतर रंगांच्या कुत्र्यांचे 12.1 वर्षे. कानाचे आणि त्वचेचे काही आजारही चॉकलेटी कुत्र्यांत जास्त होते. चॉकलेटी रंगासाठी दोन्ही पालकांकडून तोच जनुक यावा लागतो, त्यामुळे तो हवा असणाऱ्याची निवड आपोआप थोड्या कुत्र्यांपुरती उरते, आणि त्या थोड्यांचे दोषही पुढे जातात, असे संशोधकांचे अनुमान आहे. पूडलमध्ये हीच कसोटी तांबड्या रंगाला लागू पडते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जपानमध्ये तांबड्या टॉय पूडलला खेळण्यातल्या अस्वलासारखे भादरण्याची हौस फोफावली आणि पूडल तिथे नोंदणीत अग्रस्थानी जाऊन बसला. एखादा रंग अशा वेगाने मागणीत येतो तेव्हा तो पुरवणारे पूर्वज त्या वेगाने वाढत नाहीत.

मग स्वभाव येतो कुठून? याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत झाले. रंगांचा अभ्यास करणारा क्लॅरेन्स लिटल हाच तिचा संस्थापक. तिथेच जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांची वागणूक वर्षानुवर्षे तपासून 1965 मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. अनुवंशाचा वाटा त्यांनी नाकारला नाही, पण साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांमधल्या काळात पिल्लाला माणसांचा सहवास मिळतो की नाही यावर पुढचे फार काही ठरते, हे त्यांनी दाखवले. त्याच प्रयोगशाळेतील 1961 च्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणसाच्या संपर्काविना वाढलेली पिल्ले जवळजवळ रानटी प्राण्यांसारखी बुजरी निघाली. 2022 मध्ये 18,000 हून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेल्या संशोधनाने जातीचे वजनही आटोक्यात आणले: दोन कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी सुमारे 9 टक्केच फरक जातीने समजावता येतो. पूडल आणि बुलडॉग यांच्यातल्या फरकातही जात एवढाच वाटा उचलत असेल, तर एका जातीच्या आत काळ्या आणि तांबड्यातला वाटा किती उरणार, याचा हिशेब अवघड नाही.

इथे कोणी म्हणेल की रंग सोडा, पिल्लाची चाचणी घ्या. गेल्या अर्धशतकात अशा चाचण्या पुष्कळ निघाल्या. पिल्लाला उताणे धरून ते किती धडपडते ते पाहायचे, टाळी वाजवून ते येते का ते पाहायचे, आणि गुण द्यायचे. त्यांच्यावरही फार भार टाकता येत नाही. 1998 मध्ये स्वीडनमध्ये शेकडो जर्मन शेफर्डवर झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या वयात घेतलेली चाचणी मोठेपणीच्या वागण्याशी नीटशी जुळली नाही. अर्थात पिल्लू पाहूच नये असा याचा अर्थ नाही. आजारी, कोपऱ्यात दडून बसलेले किंवा हाताला सतत चावणारे पिल्लू ओळखता येते, आणि ते ओळखावेही. पण भरवशाची माहिती पिल्लापेक्षा त्याच्या भोवती जास्त असते. आई अनोळखी माणसासमोर कशी वागते, याच जोडीच्या आधीच्या वेतातली पिल्ले आता कशी आहेत, पिल्ले घरात माणसांच्या वावरात वाढली की पिंजऱ्यांच्या रांगेत, डोळ्यांच्या आणि सांध्यांच्या तपासण्या झाल्या का, आणि वंशावळीत तीच नावे किती वेळा फिरून येतात, या प्रश्नांची उत्तरे आकर्षक रंगापेक्षा जास्त सांगतात.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्येही आता टॉय पूडल येऊ लागला आहे. केस फारसे न गळणारा आणि लहान जागेत राहू शकणारा कुत्रा म्हणून त्याची मागणी समजण्यासारखी आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या कुत्र्यांच्या पैदाशीविषयीच्या नियमांनुसार पैदासकाराची नोंदणी बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. हे नियम काटेकोर पाळले तर पिल्लाच्या घडणीतला पहिला निम्मा काळ आईजवळ जातो आणि उरलेला निम्मा नव्या घराच्या हाती येतो. म्हणजे ग्राहकाला खरे काम करण्याची संधी रंग निवडल्यानंतर मिळते: जिना, लिफ्ट, प्रेशर कुकरची शिट्टी, पाहुणे, गणपतीतले ढोल यांची ओळख त्याच आठवड्यांत शांतपणे करून द्यावी लागते. रंग आवडीने निवडायला कोणाची हरकत असू नये. एकाच वेतातली दोन निरोगी, धीट पिल्ले समोर असतील तर जो रंग डोळ्यांना भावतो तो घ्यावा. गडबड होते ती क्रम उलटा लागला की. चौकशीच्या पहिल्याच फोनवर लाल आहे का, एवढेच विचारले जात असेल, तर पैदासकार लालच तयार करील, मग त्यासाठी मामा-भाचीचा संबंध लावावा लागला तरी त्याचे बिघडत नाही. आईला भेटता येईल का, हा प्रश्न पहिला येऊ लागला तर भेटवण्याजोगी आई ठेवणे त्याला भाग पडेल. जातीचे मानक क्लब लिहितात, पण कोणत्या कुत्र्यांपासून पुढची पिढी होणार हे शेवटी ग्राहकाच्या पहिल्या प्रश्नावर ठरते.